टेबल सॉवर निमुळते पाय सारखे येत नाहीत? यंत्राला हात लावण्याआधी लाकडाची टेक तपासा

सोलापुरात माझं छोटं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. वडील हातमागाची लाकडी दुरुस्ती करायचे, मी फर्निचरकडे वळलो. टीपॉय, खुर्ची, बाकडं, देव्हाऱ्याखालचं टेबल, काहीही असो, हल्ली गिऱ्हाईक खाली निमुळते होत जाणारे पायच मागतं. त्यामुळे टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या करवतीवर, हा काप आमच्याकडे आठवड्यातून दोनतीनदा होतोच, आणि त्यातला एकच बिघाड मी माझ्याकडे आणि ओळखीच्या चारपाच जणांकडे इतक्या वेळा काढलाय की आता क्रम ठरून गेलाय. तो क्रम इथे लिहितोय.

बहुतेक जण गडबड झाली की सगळ्यात आधी फेन्सचे, म्हणजे ब्लेडशेजारच्या सरळ आधारपट्टीचे, बोल्ट सैल करतात. तिथेच काम बिघडतं. चांगलं जुळलेलं यंत्र हलतं, मूळ दोष तसाच राहतो आणि मग दोन दोष शोधत बसावं लागतं. माझ्या अनुभवात दहातल्या सातआठ वेळा यंत्र ठीकच असतं. लाकूड जिगवर, म्हणजे ते धरून ब्लेडपाशी नेणाऱ्या सरकत्या साच्यावर, दर वेळी एकाच जागी टेकत नाही, एवढंच झालेलं असतं.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ठरवा, कारण पुढची तपासणी त्यावर सोपी होते.

चार पाय एकाच मापाचे कापले, पण तळाशी एखादा पाय दीडदोन मिलिमीटर जाड किंवा बारीक येतो.

तळाचं माप बरोबर आहे, पण उतार जिथून सुरू व्हायचा तिथून न होता वर किंवा खाली सरकलाय.

कापलेली बाजू सरळ नाही. मधे पोट आलंय किंवा खोलगट झालीय.

बाजू गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. पाय उभा केला की पीळ बसल्यासारखा दिसतो.

कापावर काळे डाग पडतात, जळका वास येतो, ढकलायला जोर लागतो.

जिग मधेच अडकतो किंवा टेबलाच्या खाचेत डुगडुगतो.

आणि एक वेगळं लक्षण: कापताना लाकूड उचलतं, थरथरतं किंवा तुमच्या दिशेने मागे येऊ बघतं. हे दिसलं तर पुढचं वाचण्याआधी मशीन बंद करा. शेवटी ‘इथे थांबा’ म्हणून लिहिलंय, ते आधी वाचा.

आकडे समजून घेतले की निम्मं काम होतं

आमचा नेहमीचा पाय धरू. लांबी ७०० मिलिमीटर, जाडी ४५ बाय ४५. वरचे १०० मिलिमीटर सरळ सोडायचे, कारण तिथे आडव्या पट्ट्यांचं कूस, म्हणजे पायात शिरणारं टोक, बसतं. तिथून खाली ६०० मिलिमीटरमध्ये ४५ चे २५ करायचे. म्हणजे ६०० ला २० चा उतार, तीसला एक. कोन काढला तर दोन अंशांपेक्षा जरा कमीच भरतो.

आता या तीसला एकचा अर्थ बघा. जिगवर पाय लांबीत एक मिलिमीटर पुढेमागे सरकला तर तळाच्या जाडीत एक मिलिमीटरचा तिसावा भाग फरक पडतो. तो डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण तोच पाय आडवा, म्हणजे ब्लेडकडे किंवा ब्लेडपासून दूर, एक मिलिमीटर सरकला तर तळाला अख्खा मिलिमीटर जातो. म्हणून मागच्या ठोकळ्यावर फार जीव टाकू नका. सगळं लक्ष बाजूच्या ठोकळ्यांवर ठेवा.

माझा जिग साधा आहे. १८ मिलिमीटर प्लायचा एक पाट, त्यावर पायाच्या बाजूला टेकायला दोन ठोकळे, मागून ढकलायला एक ठोकळा आणि वरून दाबायला दोन टॉगल क्लॅम्प, म्हणजे दांडी आवळली की बसणाऱ्या पकडी. पाटाची एक कड ब्लेडला लागून जाते. पायावर आखलेली रेघ त्या कडेवर आणून ठेवली की ब्लेड त्या रेघेवरूनच जाणार, त्यामुळे कोन मोजत बसायची गरज राहत नाही.

बिजागरीचा दोन पट्ट्यांचा जिग बाजारात मिळतो, तो मी वापरत नाही. त्यात लाकूड हाताने दाबून धरावं लागतं आणि हाताचा दाब दर वेळी वेगळा असतो. तुमच्याकडे तोच असेल आणि माप सारखं बदलत असेल, तर खालची यादी करत बसण्यापेक्षा प्लायच्या कटपीसमधून पाटाचा जिग बनवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सुरुवातीला

प्रत्येक तपासणीआधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लग उपसून तारेचं टोक डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायचं. दहा इंची ब्लेड मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. त्याच्याजवळ हात नेताना प्लग कुठे आहे याबद्दल शंकाच असता कामा नये.

१. भुसा. खर्च शून्य, वेळ एक मिनिट

गेल्या हिवाळ्यात टीपॉयचे चार पाय कापत होतो. तीन झाले, चौथा भाच्याने हातात घेतला आणि म्हणाला, “मामा, ह्यो जाड आलाय बघा.” कॅलिपर लावला. बाकीचे २५, हा २६ आणि वर थोडा. जिग उलटासुलटा करून पाहिला, काही दिसेना. मग बाजूच्या ठोकळ्याच्या बुडाशी नख फिरवलं. तिथे, ठोकळा आणि पाट मिळतात त्या कोपऱ्यात, भुशाचं एक दाबलेलं ढेकूळ होतं, ज्वारीच्या कणीएवढं. तिसरा पाय काढून चौथा ठेवेपर्यंत ते तिथे जाऊन बसलं होतं, आणि पायाच्या दाबाने इतकं घट्ट झालं होतं की फुंकर मारून हलेना. नखाने खरवडून काढावं लागलं.

सागाचा भुसा किंचित तेलकट असतो, तो दाबला की चिकटून बसतो. बाभळीचा सुटा राहतो, तो ब्रशने जातो. म्हणून सागाचं काम करताना दर पायामागे जुन्या दातघासणीने दोन्ही ठोकळ्यांची बुडं झाडायची. भाच्याला मी एवढी एकच सवय सक्तीने लावली.

कायमचा उपाय हवा असेल तर ठोकळ्याची खालची कड रंध्याने किंवा पटाशीने तिरपी छाटा, तीन मिलिमीटरची बारीक चीर राहील इतकी. भुसा त्या चिरेत जातो आणि लाकूड त्याच्या वरच्या भागाला स्वच्छ टेकतं.

आता दोन ठोकळ्यांमधलं अंतर मोजा. खूप जिगांमध्ये ते २०० मिलिमीटरच असतं. पहिला ठोकळा पायाच्या वरच्या टोकाशी, दुसरा तिथून २०० वर, आणि दुसऱ्यापाशी एक मिलिमीटरचा कचरा. पाय पहिल्या ठोकळ्याभोवती फिरतो आणि ७०० वर, म्हणजे तळाशी, साडेतीन मिलिमीटर सरकतो. हे एका सुतापेक्षा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षा, जास्त झालं. तेच ठोकळे ६०० च्या अंतरावर असतील तर त्याच कचऱ्याने तळाला सव्वा मिलिमीटरच्या आतच फरक पडतो. म्हणून ठोकळे जितके लांब लावता येतील तितके लांब लावा. या एका बदलाने माझ्या ओळखीच्या दोघांचा वर्षानुवर्षांचा त्रास संपलाय.

२. कच्चा पाय सारखा आहे का

उतार चुकीच्या जागी सुरू होतोय पण तळाचं माप बरोबर, असं असेल तर जिगकडे बघूच नका. कच्च्या पायाची जाडी मोजा.

हिशोब असा. तळाची जाडी टेकलेल्या बाजूपासून ठरते, ती २५ च राहते. पण कच्चा पाय ४५ ऐवजी ४६ चा असेल तर तीसला एकच्या उताराने काप ३० मिलिमीटर वर सुरू होतो. जाडीतल्या एका मिलिमीटरचे लांबीत तीस होतात! चार पाय शेजारी उभे केले की हे लांबून दिसतं, आणि गिऱ्हाइकाला बोलता येत नसलं तरी काहीतरी बिनसलंय हे कळतं.

वखारीतून चिरून आणलेलं लाकूड एकाच जाडीचं कधीच नसतं. चारही पाय एकाच बैठकीत, प्लेनर एकाच मापावर ठेवून काढायचे. नंतर कॅलिपरने दोन्ही टोकांना आणि मधे मोजायचे. पाव मिलिमीटरपर्यंतचा फरक मी चालवून घेतो, त्याला उतार साडेसात मिलिमीटर हलतो आणि तो हातरंध्याने सावरता येतो.

टेकणारी बाजू सरळ आहे ना, हेही बघा. सॉच्या टेबलावर ती बाजू खाली करून पाय ठेवा आणि दोन्ही टोकांवर आलटून पालटून बोट दाबा. डुगडुगला तर ती बाजू टेकायच्या लायकीची नाही, आधी रंधा मारा.

३. क्लॅम्प

टॉगल क्लॅम्प आवळताना पाय ठोकळ्यापासून किंचित सुटतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. क्लॅम्पचं रबरी टोक खाली येताना थोडं पुढे घासत येतं आणि लाकडाला सोबत ओढतं. तपासायची पद्धत सोपी आहे. ठोकळा आणि पाय यांच्यामध्ये वहीचा कागद धरा, पाय दाबून ठेवा, क्लॅम्प आवळा, मग कागद ओढा. अडकून राहिला तर ठीक. सहज सरकला तर क्लॅम्पने पाय हलवला.

क्लॅम्पचा स्क्रू थोडा वर घेऊन दाब कमी करा आणि पाटावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरची एक पट्टी चिकटवा. पट्टी सपाट बसली पाहिजे, तिचा कोपरा वर आला तर नवीनच भानगड.

४. दुसरी बाजू कापताना पाय कसा फिरवला

फक्त शेजारच्या दोन बाजू निमुळत्या करायच्या असतील तर एकच पथ्य आहे. पहिली कापलेली बाजू वर, आकाशाकडे. ती पाटावर खाली गेली की पाय अधांतरी राहतो, क्लॅम्पखाली वाकतो आणि दुसरी बाजू गुण्यात येत नाही. ‘पीळ बसल्यासारखा’ दिसणारा पाय बहुतेक इथूनच येतो. कापण्याआधी पायाच्या डोक्यावर पेन्सिलने १ आणि २ लिहून ठेवा, म्हणजे बोलता बोलता चूक होत नाही.

चारही बाजू निमुळत्या करायच्या असतील तर गोष्ट अवघड होते. तिसरा काप घेताना पहिली कापलेली बाजू ठोकळ्यांना टेकते, आणि ती आता तिरकी आहे. छाटलेला तुकडा टेपने परत जागेवर चिकटवा असं सगळे सांगतात. मीही तसंच करायचो आणि तिसरी-चौथी बाजू हमखास चुकायची. कारण ब्लेडने मधलं लाकूड खाल्लेलं असतं. तीन मिलिमीटर जाडीचं ब्लेड असेल तर परत लावलेला तुकडा तीन मिलिमीटर कमीच भरतो. दर बाजूला तळाशी १० मिलिमीटर काढायचे असतील तर हातात ७ चीच पाचर उरते. म्हणून तुकडा चिकटवताना मधे ब्लेडच्या जाडीची पट्टी घाला, किंवा पूर्ण मापाच्या दोन पाचरी वेगळ्या करून ठेवा, एक बाजूला टेकायला आणि एक खाली आधाराला. मी पाचरी करून ठेवल्यात, त्यांच्यावर माप लिहून खिळ्याला टांगल्यात.

५. ब्लेड

काळे डाग आणि जड ढकलणं यासाठी पहिला संशयित हाच.

दात मोजा. प्लाय आणि सनमायका कापायचं ६० किंवा ८० दातांचं ब्लेड लावून बऱ्याच ठिकाणी सगळीच कामं होतात. पण निमुळता काप जवळजवळ रेषांच्या दिशेनेच जातो, म्हणजे ते चिरकाम आहे. चिरताना लांब तंतू निघतात, त्यांना बाहेर पडायला दातांमध्ये मोठी जागा लागते. ८० दातांमध्ये ती नसते, भुसा अडकतो, तापतो आणि लाकूड जाळतो. २४ दातांचं चिरायचं ब्लेड लावा, नाहीतर ४० चं सर्वसाधारण.

मग साफसफाई. सागाची राळ दातांच्या बगलेला तपकिरी थर देऊन बसते. ब्लेड काढून रॉकेलने भिजवलेल्या फडक्याने पुसा, दहा मिनिटं ठेवा, दातघासणीने घासा, पूर्ण कोरडं करून मगच लावा. निम्म्या वेळा डाग एवढ्यानेच जातात. नाही गेले तर धार गेली आहे. सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते. कार्बाइडच्या दातांना कानशीने हात लावू नका, त्यांना डायमंड चाकावरच धार लागते. धारवाल्याकडे पाठवा.

ब्लेडची उंची लाकडाच्या वर जेमतेम एक दात दिसेल इतकीच. आणि टेबलावर गुण्या ठेवून ब्लेड ९० अंशात आहे ना बघा. गुण्या ब्लेडच्या पात्याला लागला पाहिजे, दाताला नाही. दात बाहेर आलेले असतात, त्यांना टेकवलं तर चुकीचं दिसतं.

६. जिगची कड, खाचेतली पट्टी आणि सोलापूरची हवा

कापाला पोट येतंय का? मग चारही पायांवर ते एकाच जागी आहे का बघा. एकाच जागी असेल तर दोष जिगच्या कडेत किंवा फेन्समध्ये आहे. वेगवेगळ्या जागी असेल तर जिग खाचेत डुलतोय, नाहीतर लाकूड स्वतः वाकतंय.

फेन्सला घासून चालणारा पाट असेल तर त्याची फेन्सकडची कड सरळ पट्टीला लावून उजेडाकडे धरा. प्लायची कड आपटून आपटून मधे झिजते. फेन्सलाही तीच पट्टी लावा.

टेबलाच्या खाचेत चालणारा जिग असेल तर त्याखालची पट्टी बघा. इथे आमच्या गावाचा फार मोठा हात आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या वर आणि हवा कोरडीठाक, त्यात लाकडी पट्टी आक्रसते आणि खाचेत अर्धा मिलिमीटर खेळायला लागते. तेवढाच खेळ कापात उतरतो, शिवाय कुठे कसा हे दर वेळी वेगळं. पुढे आमचा खरा पाऊस येतो सप्टेंबरात, तेव्हा तीच पट्टी फुगून अडकते. मग कोणीतरी तिला रंधा मारतं आणि पुढच्या उन्हाळ्यात ती आणखी सैल होते. मी तीन वर्षं हे चक्र चालवलं. आता अॅल्युमिनियमची पट्टी लावलीय आणि तो प्रश्न संपला. लाकडाचीच हवी असेल तर जुना, मुरलेला साग घ्या आणि वाढीच्या रेषा उभ्या येतील अशी पट्टी काढा, ती रुंदीत कमी हलते. सैल झालेल्या पट्टीला तात्पुरता उपाय म्हणजे कडेला सेलोटेपचे एकदोन थर. काम भागतं, पण एका ऑर्डरपुरतंच.

जिग पावसाळ्यात फरशीवर भिंतीला टेकवून ठेवू नका. पाट वाकतो. आडवा, सपाट, फळीवर.

७. लाकूड वाकतंय का

कापल्या कापल्या बाजूला सरळ पट्टी लावा. तेव्हाच वाकडी असेल तर लाकडातला ताण सुटलाय किंवा जिगचा दोष आहे. तेव्हा सरळ होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाकली, तर लाकूड ओलं होतं. याला यंत्रात औषध नाही. ओल्या लाकडाचे पाय तीन मिलिमीटर जादा ठेवून कापायचे, चांगले आठ-दहा दिवस सावलीत हवेशीर रचून ठेवायचे आणि मग शेवटचा काप घ्यायचा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी मी एवढे दिवस मागून घेतो.

८. फेन्स आणि ब्लेड समांतर आहेत का

इथपर्यंत काही सापडलं नाही, तरच पाना हातात घ्या.

प्लग काढा. ब्लेड पूर्ण वर करा. एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून टेबलाच्या खाचेपासून त्याच्यापर्यंतचं अंतर मोजा. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. तोच दात घ्यायचा, कारण ब्लेड किंचित लवत असेल तर वेगवेगळे दात वेगवेगळं माप दाखवतात. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक समजतो मी.

नंतर फेन्स खाचेला समांतर आहे ना, पुढे आणि मागे मोजा. फेन्सचं मागचं टोक ब्लेडकडे झुकलेलं असेल तर लाकूड ब्लेडच्या मागच्या, वर चढणाऱ्या दातांवर दाबलं जातं. जळतंही तिथेच आणि उलटं फेकलंही तिथूनच जातं. फेन्स जुळवायची आपल्याला जमते, तिचे स्क्रू त्यासाठीच असतात. पण खाच आणि ब्लेड एकमेकांना समांतर नसतील तर टेबलाखालची अख्खी बैठक हलवावी लागते. ते काम मी स्वतः करत नाही.

कापताना

सगळं जुळल्यावर पहिला काप टाकाऊ बाभळीवर घ्या. मी पायाचं बारीक होणारं टोक पुढे ठेवतो. तिकडून ब्लेड टोकात सरळ शिरतं, दोन्ही बाजूंना लाकूड असतं, त्यामुळे वाकत नाही. उलट बाजूने घातलं तर ब्लेड सपाट बाजूवर अगदी निसटत्या कोनात चढतं आणि पातळ ब्लेड तिथे बाजूला सरकतं.

छाटलेली पाचर ब्लेडच्या मोकळ्या बाजूला पडली पाहिजे, फेन्स आणि ब्लेडच्या मधे कधीच नाही. आणि ती तिथेच पडू द्या. ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

इथे थांबा

पूर्वी मी बिजागरीच्या जिगवर एक लांब फळी निमुळती करत होतो. हाताने दाबून धरली होती, कापलेलं लाकूड ब्लेडवर मिटू न देणारी ब्लेडमागची पाती, जिला रिव्हिंग नाईफ म्हणतात, आधीच्या कामासाठी काढून ठेवली होती आणि परत लावली नव्हती. फळी अर्धी गेली आणि चिमटली. पुढचं दिसलंच नाही, नुसता आवाज आला. फळी माझ्या बरगडीशेजारून मागच्या पत्र्याच्या दाराला जाऊन लागली. दाराला पोचा अजून आहे. मी ब्लेडच्या रेषेत उभा नव्हतो, म्हणून वाचलो. त्या दिवसापासून ती पाती लावल्याशिवाय आमच्याकडे मशीन सुरू होत नाही, आणि तुमच्याकडेही होऊ नये. तुमच्या मशीनला ती नसेलच, तर बसवून घेईपर्यंत हे काम त्यावर करू नका.

३०० मिलिमीटरपेक्षा छोटा तुकडा टेबल सॉवर निमुळता करू नका. हातकरवत आणि रंधा घ्या, वेळही फार जास्त लागत नाही. पाटाच्या बाहेर लोंबणारी लांब फळीही नको. ती जमिनीवर क्लॅम्प करून, गाईडपट्टी लावून हातातल्या सर्क्युलर सॉने कापा.

पुढल्या गोष्टी दिसल्या तर स्वतः दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

प्लग काढून, जाड हातमोजा घालून ब्लेड धरा आणि आतबाहेर, वरखाली हलवा. जराही खेळ जाणवला, किंवा हाताने फिरवताना आतून खरखर आली, तर बेअरिंग गेलंय. ब्लेड फिरताना डोळ्याला लवताना दिसत असेल तर त्याचा दांडा वाकलेला असू शकतो. मशीनचा मेकॅनिक बोलवा. बेअरिंग ठोकून काढताना दांडा वाकवून घेतलेले लोक मी पाहिलेत, तो खर्च बेअरिंगच्या कितीतरी पट जातो.

ब्लेडला तडा, किंवा एक जरी दात उडालेला असेल तर ते ब्लेड तिथेच बाद.

मशीनच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येत असतील, बटणात ठिणगी दिसत असेल, मोटर गुणगुणते पण फिरत नसेल, किंवा जळक्या वार्निशचा वास येत असेल, तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. त्यात पाहण्यासारखं आपल्याला काही नसतं. दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर पूर्ण भारावर दहा-अकरा अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कित्येक पट. घरगुती इस्त्रीच्या एक्स्टेंशनवर ती चालवली तर वायर तापते, ब्लेड कापात मंदावतं आणि काप जळतो. म्हणून वायरमन आला की त्याला अर्थिंग आणि वायरची जाडी दोन्ही बघायला सांगा.

मेकॅनिकला बोलावताना ‘काप नीट येत नाही’ एवढंच सांगू नका. खूण केलेल्या दाताची पुढची आणि मागची दोन मापं कागदावर लिहून द्या, आणि लक्षण किती पायांवर, कुठे दिसलं तेही. शोधाशोध वाचते. काम झाल्यावर पैसे देण्याआधी, त्याच्यासमोर, त्याच दाताची दोन्ही मापं पुन्हा घ्या आणि एक पाय कापून बघा.